घटपर्णीचं मामेकुळ

"पोर कुठल्या घरची? मामेकुळ कोणतं?" आमच्या शेजारचे जाधवमामा फोनवर असं विचारायला लागले, की नव्या माणसाला वाटतं, कुठंतरी लग्न ठरतंय. प्रत्यक्षात मामा ऑनलाइन झाड विकत घेत असतात. तेही साधंसुधं नाही, माश्या खाणारं.

"तुमच्या नर्सरीतच जन्मली ना? मग तिच्या आईचा फोटो पाठवा. जंगलातनं उपटलेली असंल तर आत्ताच सांगा. पळवून आणलेली पोर आपल्याला चालत नाय."

मामा मूळचे सिल्लोडचे, आयुष्य एसटीत गेलं. तरुणपणी कोकणातल्या डेपोत होते, तिथलीच मुलगी करून इथं, या कोरड्या मुलखात आणली. कमलमामी गेल्या आणि त्यानंतर मामांना हे वेड लागलं. नात्यातली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली, त्यामुळं झाडाची चौकशीही सोयरिकीसारखीच. विकणाऱ्यानं आढेवेढे घेतले की फोन बंद. "खानदान सांगंना. स्थळ बाद!"

या पोरींना नळाचं पाणी सोसत नाही. आमच्या सिडकोत नळाला पाणी येतं तोच सण, पण त्यातले क्षार यांना मारतात म्हणे. यांना लागतं पावसाचं, नाहीतर एसीच्या नळीतून ठिबकणारं. मामांकडं एसी नाही, आमच्याकडं आहे. त्यामुळं भर दुपारी मामा बादली घेऊन दारात. "ताई, लावा की जरा. पोरी तहानल्यात."

एसी माणसांसाठी असतो, हा माझा गैरसमज असा दूर झाला. वर माझ्या ओट्याकडं बघून कौतुक, "माश्या लई दर्जेदार हायत तुमच्याकडं. दोन-चार नेऊ का?"

इतकी स्तुती झाल्यावर मीही चेकाळले. मामांच्या पंच्याहत्तरीला ऑनलाइन घटपर्णी मागवली. पानांच्या टोकांना झाकणाचे तांबडे गडू लटकतात, ती. मामा बोटभर रोपं घेतात, मी चांगली हातभर घेतली. शिवाय स्वस्त! माझ्या हुशारीवर मी दोन दिवस खूश होते.

मामांनी खोकं उघडलं, चष्मा लावला आणि मुळं उलटून बघायला लागले.

"आवडली नाही का?"

"ताई, नर्सरीतली पोर कुंडीच्या मापाची असती, कोवळी. हिचं खोड बघा, किती जुनं. गडू किड्यांनी खाल्लेले. मुळं तोडलेली, अन् त्याला डोंगराची माती तशीच. हिला कुणीतरी उपटलंय."

त्यांनी माझ्याच फोनवरून त्या विक्रेत्याला गाठलं. "भाई, पौधा किधर का है?"

"अंकल, एकदम ओरिजिनल! सीधा जंगल का माल!"

"जंगल तेरे बाप का था क्या रे?" मामा कडाडले. वनखात्याकडं तक्रार करायची, हेही त्याला ऐकवलं. मी मात्र खोक्यात तोंड घालायला जागा शोधत होते.

"परत पाठवू का, मामा?"

"कुठं? तो दुसऱ्याच्या गळ्यात मारंल. डोंगरावर थोडाच नेऊन लावणार हाय? ऱ्हाऊ द्या. आता आली ती आपल्या घरी."

एप्रिल लागला. घटपर्णीचे गडू एकेक करून वाळले, पानं करपली. मी अपराधी मनानं थंडी वाजेपर्यंत एसी लावून बसू लागले.

एका दुपारी मामांच्या फाटकाशी टेंपो थांबला. त्यातून कपाटाएवढा कूलर उतरला. जन्मभर एका पंख्याखाली काढलेला माणूस! आमच्या ह्यांनी कुंपणावरून हाक मारली, "काय मामा, म्हातारपणी सोकावलात की!"

मामा हसले नाहीत.

थोड्या दिवसांनी मी बादली घेऊन गेले. कूलरचा सगळा वारा घटपर्णीवर, आणि मामा बाजूला, वाऱ्याबाहेर, टॉवेलनं मान पुसत बसलेले. करपलेल्या पानांमधून एक हिरवा कोंब वर आला होता. त्याच्या टोकाला भाताच्या दाण्याएवढा गडू.

"मामा, जगली हो!"

"व्हय." त्यांनी कोंबावरची धूळ बोटानं पुसली. "कमल दर उन्हाळ्यात म्हणायची, एक कूलर घ्या, मला इथलं सोसत नाय. मी म्हणायचो, हुईल सवय."

त्यांनी उठून कूलरचं तोंड कुंडीकडं आणखी थोडं वळवलं.

"नाय झाली."