अझोरचं बीळ आणि कुंपणतळ संरक्षण समिती

देवाने आदामाला नंदनवनातून बाहेर काढलं तेव्हा दारावर देवदूत बसवला आणि जळती तलवार पहाऱ्याला ठेवली, हे सर्वश्रुत आहे. मात्र नंदनवनाच्या कुंपणाखाली काय बंदोबस्त केला होता, याविषयी पवित्र ग्रंथात एक अक्षर नाही. यावरून दोनच निष्कर्ष निघतात: एक तर तिथे कुत्रा नव्हता, किंवा होता आणि त्याला बाहेर काढलेलंच नव्हतं. आमचे पाद्रीबुवा सेराफिम दुसऱ्या मताचे आहेत.

पाद्रीबुवा प्रवचन बोलत नाहीत, गातात. सूर लागला की देवळातल्या मेणबत्त्यासुद्धा वाकून ऐकतात (उन्हाळ्यात जरा जास्तच). रुमानियात ओल्त नदीकाठी प्रुनेत नावाच्या आमच्या गावात ज्या गोष्टीला देवाची आणि सरकारची मदत पोचत नाही, तिच्यासाठी आम्ही समिती नेमतो, आणि अध्यक्ष पाद्रीबुवांनाच करतो. म्हणजे निदान सभा तरी सुरेल होते. ईस्टरआधीच्या उपासकाळात स्थापन झालेल्या 'कुंपणतळ संरक्षण समिती'चे अध्यक्ष तेच होते. चिटणीस मी. पीडित सदस्य पांतेलिमोन.

पांतेलिमोन रेल्वेत फाटकवाले होते. हयातभर त्यांनी फाटक वेळेवर बंद केलं. उघडण्याबाबत मात्र त्यांची कीर्ती तितकीशी नव्हती. शेजारचा इलारियॉन हा त्यांचा जिवलग मित्र. दोघांच्या हद्दीवर आलुबुखाराचं एक झाड होतं. झाड दोघांनी लावलं, फळं दोघांनी वेचली, दारू दोघांनी गाळली आणि मग पहिली धार कोणाची यावरून दोघांनी बोलणं टाकलं. अशा स्थितीत इलारियॉन अचानक वारला. पांतेलिमोन मयतीच्या जेवणाला गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी कुंपण घातलं. कुंपण अत्यंत दर्जेदार होतं: डोक्याच्या वर उंच, ओकच्या फळ्यांचं, फटीतून शेजारणीचा आवाजही येऊ नये असं. पलीकडे इलारियॉनची विधवा साफ्ता एकटीच राहत होती, आणि तिच्याविरुद्ध पांतेलिमोनांची काही तक्रार नव्हती. म्हणूनच बहुधा तिच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं.

कुंपणात दोष एकच होता. त्याखालून पांतेलिमोनांचा कुत्रा अझोर जात असे.

अझोर खणे, पांतेलिमोन बुजवत. अझोर पुन्हा खणे. शेवटी पांतेलिमोनांनी भर समितीत जाहीर केलं की लाझारच्या शनिवारपर्यंत, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत, हे बीळ बंद झालं नाही तर ते कुत्र्याला डोंगरावर मावसभावाच्या मेंढवाड्यात धाडून देतील. हे सांगताना ते छताकडे पाहत होते. सहचारिणी गेल्यापासून त्या घरात पांतेलिमोनांशी बोलणारं, म्हणजे त्यांचं ऐकून घेणारं, दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा प्रश्न गंभीर होता.

समितीने शास्त्रोक्त पद्धतीने काम केलं. प्रथम पाण्याने भरलेल्या बाटल्या कुंपणालगत मांडल्या. साऱ्या रुमानियात कुत्र्यांना अडवायला अशाच बाटल्या ठेवतात. त्या कशा काम करतात हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून त्यांच्यावर सर्वांचा विश्वास आहे. अझोरने त्या नीट बाजूला लावल्या. मग बिळात नदीतले धोंडे घातले. मग तिखट मिरचीची पूड आणि व्हिनेगर. अझोर शिंकत शिंकत खणू लागला, वेग तेवढाच. नंतर जमिनीत जाळी गाडली. अझोर जाळीच्याही खालून गेला, त्यामुळे बीळ आणखी टिकाऊ झालं. अखेरीस पाद्रीबुवांनी तुळशीच्या जुडीने पवित्र पाणी शिंपडून अडथळ्यांवर एक पूर्ण स्तोत्र म्हटलं. अझोर शेवटपर्यंत बसून ऐकत होता आणि संपल्यावर खणायला गेला. (गावातल्या भाविकांपैकी शेवटपर्यंत बसणारे साधारण चाळीस टक्के आहेत. हे इथे केवळ माहितीसाठी.)

एक बाब मात्र समितीला बुचकळ्यात टाकत होती. बीळ उंचीला बेताचं, पण रुंदीला भलतंच प्रशस्त होतं. अझोर तर सडपातळ. पुष्कळ चर्चेअंती आम्ही एकमताने ठरवलं की कुंपणाखालून जाताना कुत्रा चपटा होतो.

लाझारचा शनिवार उजाडला. बीळ होतंच. मेंढवाड्याची गाडी दारात उभी राहिली. पांतेलिमोनांनी अझोरच्या मानेला दोर बांधला, गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा पाद्रीबुवांनी बांधली. कुत्र्याला परकं वाटू नये म्हणून त्याचं खोपटंही सोबत न्यायचं होतं. मी आणि गाडीवाल्याने ते उचललं, आणि आतून खणखणाट करत ताटांची थप्पीची थप्पी बाहेर सांडली.

इनॅमलची पांढरी ताटं. काठाला निळी फुलं. सगळी स्वच्छ चाटलेली.

आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने शनिवारी ताट देतात. साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू, वेणीसारखा गुंफलेला पाव, वर पेटती मेणबत्ती. घेणाऱ्याने ते ताटासकट ठेवून घ्यायचं आणि 'बोग्दाप्रोस्ते' म्हणायचं, म्हणजे देव तुमच्या माणसांना क्षमा करो. असं जिवंत हाताने घेतलं तरच जेवण वर पोचतं. न घेतलं तर वरचा माणूस उपाशी. आणि पहिला मान शेजाऱ्याचा. म्हणून ही ताटं कुठून आली हे कोणी कोणाला समजावलं नाही. गाडीवाल्याने टोपी काढली.

कुंपणापलीकडून पाऊल वाजलं. साफ्ता नेहमीच्या वेळी आली होती.

"अझोर," तिने हळूच हाक मारली. "ये रे बाबा. गरम आहे अजून."

अझोर दोरीला ओढ देऊन कुईकुई करू लागला. पांतेलिमोन कुंपणाच्या फळीला नाक लावून उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "कुत्र्याला देता? मला द्यायला काय झालं होतं?"

पलीकडे ताट जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला.

"तो येतो, भाऊजी," साफ्ता म्हणाली.

पांतेलिमोन पाद्रीबुवांकडे वळले. कुत्र्याने खाल्लेलं इलारियॉनला पोचलं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कुत्र्याला तर तो शब्द म्हणता येत नाही. हा धर्मशास्त्रातला अवघड मुद्दा होता, आणि आम्हाला वाटलं की आता निदान अर्धा तास तरी गाणं होईल. पाद्रीबुवा त्या दिवशी पहिल्यांदाच साधं बोलले.

"त्याने शेपटी हलवली, पांतेलिमोन. तुम्ही काय हलवलंत?"

कुंपण ताट देण्याघेण्याच्या मानाने फार उंच होतं (दर्जेदार असल्याचं वर नमूद केलंच आहे). पांतेलिमोन रविवारच्या ठेवणीतल्या कोटासकट चिखलात पालथे झोपले आणि बिळात हात घातला. मेणबत्ती विझली, पण ताट अगदी बरोबर, न कलंडता अलीकडे आलं. बिळाची रुंदी त्याच मापाची होती. चपटेपणाबद्दलचा ठराव समितीने तिथल्या तिथे मागे घेतला.

"बोग्दाप्रोस्ते," पांतेलिमोन जमिनीला तोंड लावून म्हणाले. मग दोन घास खाऊन, "साखर कमी घातलीत."

"त्यांना तशीच आवडायची," साफ्ता म्हणाली.

"माहीत आहे मला," पांतेलिमोन म्हणाले, आणि बराच वेळ उठले नाहीत.

गाडी रिकामी परत गेली. आता त्या कुंपणाला फाटक आहे. पांतेलिमोन ते रोज वेळेवर बंद करतात आणि, नव्याने शिकल्यामुळे, वेळेवर उघडतातही. अझोरचा रोजगार बुडाला आहे. तो झाडाखाली पडून असतो.

समिती मात्र विसर्जित झालेली नाही. समित्या होत नसतात. आम्ही साऱ्या गावातल्या कुंपणांची पाहणी केली, तेव्हा आढळलं की बहुसंख्य कुंपणांखाली एकही बीळ नाही. तिथली कुत्री आळशी नाहीत. पलीकडून कोणी हाकच मारत नाही. अशा निर्दोष कुंपणांच्या मालकांना आम्ही गौरवपत्र देतो. मला पहिलंच मिळालं.

आपल्याही कुंपणाखालची माती अशीच शाबूत असेल तर जरूर कळवावं. गौरवपत्र घरपोच आणि विनामूल्य आहे. फक्त पलीकडे राहणाऱ्याचं नाव सांगावं लागतं. बरेच लोक तिथेच अडतात.