सांध्याची अधिकृत व्याख्या

ज्या दोन वस्तू एकमेकींत नीट बसलेल्या असतात त्यांच्याकडे जगात कुणी ढुंकूनही पाहत नाही, आणि अशा दुर्लक्षित वस्तूंची काळजी वाहणं हे कोणत्याही सुसंस्कृत नगरपालिकेचं पहिलं कर्तव्य आहे. आमच्या नगरपालिकेला ते एका बुधवारी, जेवणानंतर, सुचलं.

चौकशीत असं आढळलं की ‘सांधा’ हा शब्द गावात कुणीही, कसाही, विनापरवाना वापरतंय. सुतार फळ्यांना वापरतो, नळवाला पाइपांना, गवंडी विटांना, आणि हाडवैद्य तर चक्क लोकांच्या गुडघ्यांना. (गुडघेधारकांची लेखी संमती घेतल्याची नोंद नाही.) एका शब्दाचे इतके अर्थ म्हणजे उधळपट्टीच. म्हणून सगळ्यांना मिळून एकच अर्थ ठरवायला अकरा जणांची समिती नेमली.

समितीने चार वर्षं राबून काम केलं. बैठका एकशे सहा; पैकी सांध्याचा विषय निघाला त्या नऊ. हाडवैद्य म्हणाला, हलतो तो सांधा. गवंडी म्हणाला, हलली की ती भिंत माझी नव्हे. यावर दीड वर्ष गेलं. शेवटी नळवाला उभा राहिला. त्याला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं. “ज्यातून थेंब जात नाही तो सांधा. करा सह्या.” इतकी आटोपशीर व्याख्या ऐकून सभागृह भारावलं. नियम लगेच लागू झाला : घरातला प्रत्येक सांधा पास झाल्याशिवाय घराचा ताबा मिळणार नाही. (खिडक्या पुढल्या वर्षी घ्यायचं ठरलं.)

पहिला अर्ज सुतारकाकांचा आला. पोरीला सातवा महिना लागला होता. बाळ तिच्या स्वतःच्या घरात यावं म्हणून काकांनी तिच्या नव्या घराचं दार स्वतःच्या हाताने केलं होतं. तपासनीस आले, ड्रॉपर काढला, दार आणि चौकट यांच्यामध्ये एक थेंब सोडला. थेंब आत गेला.

“नापास.”

“अहो साहेब, काडीभर जागा सोडावीच लागते. हवा दमट झाली की लाकूड फुगतं. चाळीस वर्षं दारं करतोय, माझं एक तरी दार अडलंय का?”

“अडत नाही, हीच तर तक्रार आहे काका.”

काकांनी रबराची पट्टी लावली. तीन थेंब गेले. मेण भरलं. एक गेला, तोही बिजागरीजवळून. सहाव्या खेपेला पोरगी वैतागली.

“बाबा, चिकटवून टाका ना एकदाचं!”

“अगं, मग उघडायचं कसं?”

“तो कॉलम आहे का फॉर्मात?”

नव्हता. काकांनी चारी बाजूंनी सरस ओतला, वर बावीस स्क्रू पिळले. तपासनिसांनी ड्रॉपर बाजूला ठेवून सरळ बादली ओतली. आत टिपूस नाही. शंभरपैकी शंभर गुण! दाराचा फोटो नगरपालिकेत लागला, आणि गावातल्या चारशे बारा घरांनी हौसेने आपापली दारं तशीच करून घेतली. पोरगी खिडकीतून घरात गेली. सासूबाई खालून टेकू देत होत्या. “सावकाश गं बाई, माझ्या डोक्यावर पाय नको देऊस!”

दोन महिने सगळं नियमात चाललं. मग एका दुपारी पोरीला कळा सुरू झाल्या, आणि तिला दवाखान्यात न्यायला खिडकीपाशी आणलं तेव्हा ध्यानात आलं की सातव्या महिन्यात आत आलेलं नवव्या महिन्यात बाहेर जात नाही. समितीने या शक्यतेवर चर्चा केली नव्हती.

“आई गं! बाबा, काहीतरी करा ना!”

काकांनी करवत उचलली. शंभर गुणांचं दार त्यांनी अकरा मिनिटांत उभं चिरलं. पोरगी दवाखान्यात वेळेवर पोचली. मुलगी झाली, सहा पौंडांची.

ताबा अर्थातच रद्द झाला. चिरलेल्या दारातून थेंबच काय, सासूबाईही जात होत्या. पोरगी, जावई, बाळ आणि सासूबाई आता काकांच्या एका खोलीत असतात. तक्रार नगरपालिकेने केली नव्हती. ती शेजाऱ्यांची होती, चारशे बारा सह्यांची. स्वतःचं दार पक्कं चिकटवून बसल्यावर दुसऱ्याचं उघडलेलं कुणाला बघवतं?

तुम्ही म्हणाल, आम्ही नसती बुवा सही केली. पटलं मला. फक्त तुमच्या इमारतीच्या मागच्या जिन्याच्या दाराला जे कुलूप आहे, आग लागली तर उतरायचा तो जिना, त्याची किल्ली कुणाकडे असते तेवढं विचारून या. आणि कुलूप लावायच्या ठरावाखालची पाचवी सही कुणाची, तेही बघा. अक्षर ओळखीचं वाटेल.