कडा धरा, सूनबाई!

गणपतीत आरतीचं तबक फिरत होतं. शेजारच्या आप्पांपर्यंत ते आलं आणि आप्पांनी त्यात पैसे टाकायचे सोडून त्यातलंच एक नाणं उचललं! मी मागेच उभी होते. अगं बाई, देवाच्या तबकातून चोरी, तीही श्रीगोंद्यात, अख्ख्या गल्लीसमोर? आप्पांनी शांतपणे शंभराची नोट तबकात ठेवली, नाणं डोळ्याशी धरलं आणि ओरडले, "हितं टाकसाळीला डुलकी लागली हुती बघा!"

त्या दोन रुपयांवरचा छाप घसरून निम्मा बाहेर गेला होता. अर्धं नाणं कोरंच. असली चुकलेली नाणी जमवायचं आप्पांना वेड. किराणा दुकानात बसून ते गिऱ्हाइकाचं प्रत्येक नाणं भिंगाखाली घालत. उदबत्तीचा पुडा घ्यायला गेलेलं माणूस अर्ध्या तासानं परत यायचं. एका रुपयावर म्हणे आकडा दोनदा उमटला होता, तर एक नाणं पालथं केलं की सिंह डोक्यावर उभे!

मी लग्न होऊन नवी आले तेव्हा कौतुकानं एक नाणं उचलायला गेले, तर केवढ्यानं खेकसले. "अंगठा न्हाई, अंगठा न्हाई! कडा धरा, सूनबाई!" मी नाणं टाकून घरी पळाले. आणि धुण्याचं तर नावच काढायचं नाही. "नाणं धुतलं की मेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मळासकट असेल तरच शौकीन लोक मोल देतात म्हणे. मळाला पैसे देणारी माणसं जगात आहेत हे ऐकून मी चाटच पडले होते.

आप्पांच्या बायकोला, कमलकाकूंना, अलीकडे काही आठवेनासं झालं होतं. पोटच्या लेकीचा, सुरेखाचा, फोन आला तरी "कोन बोलतंय?" विचारायच्या. आप्पांना तर त्या पाहुणाच समजायच्या. "पावनं, च्या घ्या की." आप्पा चहा घ्यायचे आणि हसून मला म्हणायचे, "पाहुणचार तरी झाक हाय." मला ते हसू बघवायचं नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याचा एक शौकीन ते अर्धं कोरं नाणं घ्यायला येणार होता. त्या पैशातून काकूंना मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, असं आप्पांनी ठरवलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी करंज्या द्यायला गेले आणि दारातच थबकले. काकू मोरीपाशी होत्या. शेजारी आप्पांचा नाण्यांचा डबा, रिकामा. चिंच आणि राख घेऊन त्या एकेक नाणं खसाखसा घासत होत्या! पूजेची नाणी दरवर्षी घासायची, तेवढं त्यांच्या हातांना आठवत होतं. ते अर्धं कोरं नाणंही ताटात लखलखत होतं.

तेवढ्यात आप्पा दुकानातून आत आले. मी डोळेच मिटून घेतले. आता काही खरं नाही!

काकूंनी मान वर केली. "सुरेखाचे पप्पा, एवढीशीच चिंच आनली व्हय?"

आप्पा चाचरत म्हणाले, "मी... सुरेखाचा पप्पा?"

"मंग कोन?" काकू करवादल्या. "चिंच आना आधी!"

आप्पा अनवाणीच पळाले. जाताना त्यांनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुण्याच्या माणसानं नाणं पाहून कपाळावर हात मारला आणि आल्या पावली परत गेला. सुरेखानंच आईला डॉक्टरकडे नेलं; आता गोळ्या चालू आहेत. पण नाणी घासून झाली की काकूंचं पुन्हा "पावनं" सुरू होतं.

परवा संध्याकाळी हळद मागायला गेले तर आप्पा ओट्यावर बसून तेलात काजळी कालवत होते, आणि अंगठ्यानं नाण्यांना फासत होते. स्वतःच्या अंगठ्यानं! मी किंचाळलेच. "आप्पा, अहो हे काय?"

"मळवतोय. उद्या तिला घासायला नको व्हय?" त्यांनी मान वर केली नाही. "घासती तवर वळखती मला."

हळदीचं मी विसरूनच गेले. शेजारी बसले, एक नाणं उचललं, सवयीनं कडेला धरलं.

"अंगठा लावा, सूनबाई," आप्पा म्हणाले. "चांगला दाबून लावा."