कार्ड टेकवा आणि चालू लागा

"जपानात फिरायला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही, मावशी! कार्ड टेकवायचं आणि चालू लागायचं!"

नागोयाच्या स्टेशनात मी किनुएमावशीच्या हातात पाहुण्यांसाठीचं प्रीपेड कार्ड ठेवलं. मावशी ब्राझीलहून आली होती, तब्बल एकोणसाठ वर्षांनी! डोंगरातल्या ओकुमिझो गावी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला, तोमेयोमावशीला भेटायला.

मावशीनं कार्ड टेकवलं. पिप्! फाटक उघडलं.

"अगंबाई, याला कळलं मी आल्याचं!" म्हणत तिनं फाटकाला वाकून नमस्कार केला. मागची रांगही अदबीनं थांबली.

तीन तासांनी ओकुमिझोला उतरलो. गाडी गेली. पाहतो तर काय, स्टेशनात माणूस नाही, फाटक नाही, कार्ड टेकवायचं यंत्रही नाही! नुसती एक लाकडी पेटी, कागदी तिकिटं टाकायची. पेटीपलीकडे रस्ता, आणि रस्त्यावर तोमेयोमावशी!

"किनुए!"

"ताई!"

दोघी ऐंशीच्या पुढच्या, तरी धावल्या! आणि पेटीपाशी येऊन थबकल्या. एक आत, एक बाहेर!

"हिदेओ, कार्ड कुठे टेकवू रे?"

"यंत्रच नाही, मावशी!"

"मग बाहेर कशी येऊ? आत शिरल्याची नोंद आहे माझी! ताई, तूच ये ना आत."

"बिनतिकिटाची? अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी चोर ठरवतेस होय गं मला?"

अडवायला साधी दोरीही नव्हती. एक कोंबडी आमच्या देखत दोनदा आत-बाहेर करून गेली!

शेवटी तोमेयोमावशीनं पेटीवरून हात पुढे केला. "हाताला तिकीट लागत नसेल ना रे?"

किनुएमावशीनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली बाई, न आखलेल्या रेषेपाशी थांबलेली! मी थक्क होऊन बघत राहिलो. खरं सांगतो, डोळे भरून आले.

मग भिंतीवरच्या मदतीच्या फोनकडे धावलो.

"आपला खोळंबा झाला, मनापासून क्षमस्व!" पलीकडचा आवाज आधी माफीच मागत सुटला. "त्या स्टेशनावर कार्ड चालत नाही. प्रवासी किती?"

"एक! एक्क्याऐंशी वर्षांच्या बाई! बहीण समोर उभी आहे हो!"

"अरेरे! नाव नोंदवून घेतो. त्यांना खुशाल बाहेर जाऊ द्या!"

"मावशी, जा!"

तिनं पाऊल टाकलं. दोघींनी मिठी मारली ती सुटेचना! मग एकदम भान येऊन दोघींनी रिकाम्या स्टेशनाला वाकून नमस्कार केला.

"चल रे हिदेओ, चहा थांबलाय!" तोमेयोमावशी म्हणाली.

मी पाऊल उचललं आणि तसाच थिजलो. "मावशी... कार्डावर तर मीही आलोय, आणि मी त्यांना एकच प्रवासी सांगितला!"

"मग लाव की पुन्हा फोन!"

लावला. पलीकडे नुसती रेकॉर्ड वाजत होती: सगळे कर्मचारी इतर प्रवाशांशी बोलत आहेत!

"बरं, मग ये तू सावकाश," म्हणून तोमेयोमावशीनं पिशवीतून भाताचा एक मुटका काढून पेटीवरून माझ्या हातात ठेवला. दोघी हातात हात घालून घराकडे निघाल्या, आणि मी आतच उभा राहून तो खाल्ला!