दोन गाड्या आणि डावा गुडघा

माणसाच्या हातून होणाऱ्या चुकांचा नीट अभ्यास केला, तर त्यातल्या जवळजवळ सगळ्या काहीतरी केल्यामुळे झालेल्या असतात, असं दिसून येतं. न घेतलेली गाडी आजवर एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही. तिच्या चाकातली हवा जात नाही, तिच्या दारावर कुणी खिळ्याने रेघ ओढत नाही, आणि तिला अपघात झाल्याचं एकही उदाहरण उपलब्ध नाही. सुरक्षिततेच्या कोणत्याही कसोटीवर ती सर्वांत सरस ठरते. तरीही लोक गाड्या घेतच राहतात, याला समाजाचा एकूण उतावळेपणा कारणीभूत आहे.

आमचे लिफ्ट-निरीक्षक उतावळे नव्हते. उंच इमारतींतल्या लिफ्ट ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालत नाहीत ना, हे पाहून सही करायची, हे त्यांचं काम. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी लाखभर मजले तरी वर-खाली केले असतील, पण पोटात गोळा असा कधी आला नाही. (आला असता तर ती लिफ्ट बंद करावी लागली असती.)

अशा माणसाची एक जुनी इच्छा होती. एकदा तरी अशी गाडी आपल्याकडे असावी, की पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. विशीत ही इच्छा झाली तेव्हा पैसे नव्हते, तिशीत घर झालं, चाळिशीत कन्येचं शिक्षण. आता कन्या परगावी नोकरीला लागली होती, घराचे हप्ते संपले होते आणि जुनी गाडी चढ दिसला की कण्हायला लागायची. सगळं जुळून आलं होतं, फक्त डावा गुडघा सोडून.

निरीक्षकांची पत्नी हाडांच्या दवाखान्यात व्यायाम देण्याचं काम करायची. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवून घरी आल्यावर एका संध्याकाळी तिने नवऱ्याचाही वाकवून पाहिला, कान जवळ नेऊन ऐकला आणि पाय खाली ठेवला.

"अहो, हा फार तर वर्षभर साथ देईल," ती म्हणाली. "मग ऑपरेशन. त्यानंतर क्लच दाबायचं नाव काढायचं नाही, मी काढू देणार नाही. तुमची ती गाडी घ्यायची असेल तर आत्ता घ्या."

निरीक्षकांनी त्याच आठवड्यात प्रक्रिया सुरू केली. प्रक्रिया हा शब्द त्यांचाच. पत्नी "गाडी बघायला जाणं" म्हणत होती.

मोठ्या रस्त्यालगत, पत्र्याच्या शेडखाली वापरलेल्या गाड्या विकणाऱ्या डीलरकडे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक लाल हॅचबॅक. दिसायला भाजी आणायची गाडी, पण बोनेटखाली कंपनीने रागाच्या भरात भलतंच इंजिन बसवलेलं. जाणकार अशा गाडीला 'हॉट हॅच' म्हणतात. पत्नीने तिला बघताक्षणी 'मिरची' म्हटलं आणि तेच नाव पडलं. दुसरी गडद निळी, लांबलचक सेडान. बँकेच्या मॅनेजरसारखी गंभीर, पण जरा डिवचलं की बाह्या सरसावणारी. हिचं नाव पडलं 'साहेब'. दोघींची किंमत सारखी, वय सारखं, दोघींना क्लच. एखादीत गंज असता, एखादी महाग असती, तर हे प्रकरण दुपारच्या चहापर्यंत मिटलं असतं. पण दोन्ही गाड्या चांगल्या होत्या, आणि अशा दुर्दैवापुढे माणसाचं काही चालत नाही.

निरीक्षकांनी आधी मिरची चालवली. सरळ रस्ता लागल्यावर पाय दाबला. गाडीने क्षणभर श्वास घेतला आणि त्यांची पाठ सीटला चिकटली. परत येऊन ते उतरले तेव्हा हसत होते.

"झालं," पत्नी म्हणाली. "हीच घ्या."

सामान्य माणसाने घेतली असती. पण साहेबाला बाजू मांडण्याची संधी न देता निर्णय देणं निरीक्षकांच्या न्यायबुद्धीला पटलं नाही. त्यांनी साहेब चालवला. पाठ पुन्हा चिकटली. उतरले तेव्हा तसंच, तेवढंच हसत होते.

"मग ही घ्या," पत्नी म्हणाली. "मला कुठलीही चालेल. तुम्हाला असं हसताना बघून किती वर्षं झाली. मी डिकीत बसून यायला तयार आहे."

"भावनेच्या भरात नको," निरीक्षक म्हणाले.

इथून अभ्यासाला प्रारंभ झाला. सुरुवातीला निकष चारच होते: वेग, आराम, पेट्रोल आणि डिकी. पुढे त्यांत भर पडत गेली. वळणावर गाडी किती कलते. काच खाली करताना आवाज कसा येतो. मागच्या सीटवर डोक्याला जागा किती, हा निकष भावी जावयासाठी होता. (जावई ठरायचा होता. कन्येला विचारलं तेव्हा तिने फोन ठेवला. सबब जावयाची उंची उपलब्ध होईपर्यंत हा निकष प्रलंबित ठेवण्यात आला.)

तज्ज्ञांची मतंही मागवण्यात आली. साडू म्हणाले, "मिरची पोरासोरांची गाडी, या वयात शोभत नाही." ऑफिसातले सहकारी म्हणाले, "साहेब घ्याल तर पार्किंगला जागा शोधत फिराल." दूधवाल्याचंही मत पडलं. एकूण सल्लागारांपैकी ऐंशी टक्क्यांनी अशी गाडी कधी चालवलेली नव्हती, आणि उरलेल्या वीस टक्क्यांकडे लायसन्स नव्हतं. शिवाय मोबाइलवर गाड्यांचे परीक्षक होतेच. एक परीक्षक मिरचीला तोड नाही असं शपथेवर सांगायचा. त्याच्याच पुढच्या व्हिडिओत साहेबाला तोड नव्हती. निरीक्षकांनी दोन्ही पुनःपुन्हा पाहिले, कारण निःपक्षपातीपणा महत्त्वाचा.

आता, निवड करायची तर निवडायला दोन वस्तू शिल्लक हव्यात, हे उघड आहे. यातली एक जरी परस्पर विकली गेली, तर सगळा अभ्यास पाण्यात. म्हणून दर रविवारी निरीक्षक सकाळीच डीलरच्या शेडमध्ये हजर राहू लागले. कुणी मिरचीभोवती घुटमळताना दिसला की ते आपणहून पुढे होत.

"उत्तम गाडी आहे," ते म्हणत. "फक्त रस्त्यातला प्रत्येक खड्डा ती तुम्हाला वेगळा मोजून देते. कंबर कशी आहे तुमची?"

आणि साहेबापाशी एखादं जोडपं थांबलं तर: "राजेशाही काम. पेट्रोल पंपावरचे लोक तुम्हाला घरच्यासारखे ओळखायला लागतील."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. लोक आभार मानून जायचे. एरवी बाजारात लोकांना मोह होतो पण शुद्ध माहिती मिळत नाही. इथे माहिती इतकी शुद्ध होती की मोह टिकत नसे. डीलरने काही रविवार हे पाहिलं. मग तो तोंडातली पेपरमिंटची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत जवळ आला.

"अहो, तुम्ही माझे गिऱ्हाईक आहात की वैरी, तेवढं सांगा," तो म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही. तुमच्यासाठी खुर्ची कुठे टाकायची ते कळायला हवं."

खुर्ची दोन गाड्यांच्या बरोबर मध्ये टाकण्यात आली. दोन्ही गाड्यांच्या काचेवर 'एकच मालक' अशी पाटी होती. ट्रायलच्या फेऱ्या वाढत गेल्या, तशी डीलरने पाटी सुधारली: 'एकच मालक, एक निरीक्षक'.

या काळात गुडघाही स्वस्थ नव्हता. आधी तो जिन्यात बोलायला लागला, मग सपाट जमिनीवर. ट्रायलच्या वेळी तिसरा गिअर टाकताना निरीक्षकांचा चेहरा आखडायचा, आणि शेडच्या कडेला उभ्या असलेल्या पत्नीला ते लांबूनही कळायचं.

"गाडी तुम्ही निवडताय," ती एकदा जेवताना म्हणाली, "पण तारीख गुडघा ठरवतोय."

"म्हणूनच चूक परवडणार नाही," निरीक्षक म्हणाले. पत्नीने भात वाढला, कारण बोलणं अगदी बरोबर होतं.

मग एका रविवारी एक निवृत्त ग्रंथपाल बाई शेडमध्ये आल्या. आखूड पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. आयुष्यभर लोकांना "हळू बोला" सांगून त्यांचा स्वतःचा आवाज हळू झाला होता. निरीक्षकांनी त्यांना दोन्ही गाड्यांची साद्यंत माहिती दिली. खड्डे, कंबर, पंप, वळणं, काचेचा आवाज, सगळं. बाईंनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. निरीक्षकांना असा श्रोता बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता.

"ही लाल जोरात पळते का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"फारच."

"मग झालं," बाई म्हणाल्या आणि डीलरच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने मिरची फाटकातून बाहेर पडली, तीसुद्धा जोरात.

निरीक्षक खुर्चीत बसून राहिले. पत्नीने मात्र हातातली पर्स हवेत उडवायची तेवढी बाकी ठेवली होती. "सुटलो," ती म्हणाली. "आता एकच उरली. घ्या साहेब आणि चला घरी." डीलरला तर इतका आनंद झाला, की कुणी मागण्याआधीच त्याने किल्ली आणून निरीक्षकांच्या हातावर ठेवली.

निरीक्षकांनी किल्ली पाहिली आणि परत केली.

"एकच निविदा आली, तर ती स्वीकारता येत नाही," ते म्हणाले. "फेरनिविदा काढावी लागते."

हा नियम त्यांच्या ऑफिसातला होता आणि त्यामागचा विचार निर्दोष आहे. तुलनेला दुसरं काहीच नसेल, तर समोरचं चांगलं आहे हे कशावरून ठरवायचं? याच नियमामुळे त्यांच्या ऑफिसात गेली कित्येक वर्षं पंखा आलेला नाही, आणि त्यामुळे चुकीचा पंखाही आलेला नाही. तेव्हा आता एकच मार्ग होता. तेवढ्याच वयाची, तेवढ्याच किमतीची आणि जमल्यास लालच हॅचबॅक दुसरीकडून शोधून आणायची, साहेबाशेजारी उभी करायची आणि मग निर्णय घ्यायचा.

"मला आता तुमचा खरंच राग येतोय," पत्नी म्हणाली. आणि तो आलेला होता.

निरीक्षक इतर डीलरांकडे हॅचबॅक शोधत फिरत असतानाच साहेब विकला गेला. घेणारे साडू होते. महिनोन्महिने दर भेटीत साहेबाचं वळण, साहेबाचं इंजिन, साहेबाची सीट ऐकून त्यांचं मन आपोआप त्याच्यावर बसलं होतं. अभ्यास इतका सखोल झाला होता, की साडूंना स्वतः काही बघावंच लागलं नाही. येताना त्यांनी पेढ्यांचा पुडा आणला आणि मार्गदर्शनाबद्दल निरीक्षकांचे मनापासून आभार मानले.

मग गुडघ्याने आपला शब्द पाळला. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पत्नी रोज सकाळी त्यांचा पाय हातात घेऊन वाकवायची, सरळ करायची. राग केव्हाच गेला होता, पण तिला वाईट वाटत होतं, आणि नुसतं वाईट वाटून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. ग्रंथपाल बाई खांदा दुखतो म्हणून तिच्याच दवाखान्यात यायच्या. एके दिवशी तिने त्यांच्याशी काहीतरी ठरवलं, आणि सुट्टीच्या दिवशी मिरची निरीक्षकांच्या दारात उभी राहिली.

निरीक्षकांना काठीसकट पुढे शेजारच्या सीटवर बसवण्यात आलं. पत्नी मागे बसली. गावाबाहेरचा रस्ता रिकामा होता. बाईंनी चष्मा नीट केला, हळू आवाजात "धरून बसा" म्हणाल्या आणि पाय दाबला.

निरीक्षकांची पाठ सीटला चिकटली. झाडं, खांब, पाट्या भराभर मागे गेल्या. पोटात गोळा आला, आणि या खेपेला काहीही बंद करावं लागलं नाही. ते हसायला लागले, आधी गालातल्या गालात आणि मग चक्क मोठ्याने. पत्नीने मागून पुढच्या आरशात ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बाईंनी विचारलं, "कशी वाटली?"

निरीक्षकांनी रुमालाने चेहरा पुसला. थोडा विचार केला.

"अप्रतिम," ते म्हणाले. "पण शेजारच्या सीटवरून साहेब तपासायचा राहिलाय. साडूंना विचारून बघतो, मग नक्की सांगतो."

पत्नी खिडकीबाहेर बघू लागली. बाईंनी गाडी वळवली.

इथवर येऊन निरीक्षकांना हसणाऱ्यांचं प्रमाण, आमच्या अंदाजाने, शंभर टक्के आहे. त्यांतल्या प्रत्येकाने मधल्या मध्ये हेही ठरवून टाकलंय, की त्यांनी मिरचीच घ्यायला हवी होती, किंवा साहेबच. म्हणजे दूधवाल्यानंतर सल्लागारांत आपलीही भर पडली, त्याबद्दल आभारी आहोत. बाकी एकच शंका उरते. स्वतःच्या घरी दोहोंत अडकून पडलेलं काही नसतं, तर परक्याने कुठली गाडी घ्यावी या चौकशीत आपण आपला एवढा वेळ घातला असता का? ते काय आहे, हे आम्ही विचारत नाही. आपला अभ्यास चालू असेलच.