ग्रॅनरीचं आवतण

शिल्पाने नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, "अहो, शुद्धलेखन तेवढं बघा." बसवंतने त्याहून थोडं जास्त बघायचं ठरवलं. उदगीरच्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिका ज्याच्या छापखान्यातून निघतात, त्याच्या हातात मजकूर देऊन 'तेवढं' म्हणणं ही मूळ चूक शिल्पाचीच, असं तो आजही मानतो. (मोठ्याने म्हणत नाही.)

मजकूर होता ग्रॅनरीच्या नव्या आवृत्तीच्या घोषणेचा. ग्रॅनरी म्हणजे डेटाबेस. शिल्पाने त्याला एकदा समजावलं होतं: आडतीच्या गोदामात लाखो पोती आहेत, आणि मागाल ते पोतं क्षणात हातात देणारा हमाल कधी झोपत नाही की चुकत नाही. दवाखाने, कॉलेजं, रेल्वे, सगळ्यांची माहिती अशाच गोदामांत. आणि ग्रॅनरी बांधतं कोण? जपान, ब्राझील, जर्मनीतली माणसं, आणि निलंगा रोडवरच्या दोन खोल्यांतून आपली शिल्पा. नोकरी आटपून, संध्याकाळी, एक पैसा न घेता! वर कोणीही न्या, उघडून बघा, दुरुस्त करा. हे ऐकून बसवंतच्या अंगावर आलेला काटा अजून गेलेला नाही. आहेराकडे बघून वाढणारी माणसं त्याने खूप पाहिली होती; अख्ख्या जगाला फुकट वाढणारी त्याच्या घरातच निघाली.

यंदा पहिल्यांदाच ही घोषणा मराठीतही निघणार होती. त्यासाठी शिल्पा त्या मंडळींशी किती भांडली होती! "मराठीत वाचणार कोण?" असं ते विचारत. शेवटी म्हणाले, एकदा करून बघू. कोणी वाचलं नाही तर मराठी बंद.

आणि मजकूर कसा? 'वेग वाढला आहे. त्रुटी कमी केल्या आहेत. सर्वांसाठी मोफत उपलब्ध.' बसवंतचा जीव तुटला. एवढं मोठं कार्य आणि असा कोरडा कागद? त्याने वर 'श्री बसवेश्वर कृपेने' घातलं. खाली 'शुभेच्छुक' म्हणून दोन नावं टाकली, तेवढ्यात त्याची आई गौरम्मा मागे येऊन उभी राहिली.

"बसू, माझ्या माहेरचं येक बी नाव न्हाई?"

"अव्वा, हे कॉम्प्युटरचं हाय."

"म्हणून काय झालं? कार्य घरचंच हाय की."

माहेरची नावं आली. शेजारचे आडतदार शेषेराव चहाला आले, चष्मा लावून सगळं वाचलं आणि गप्प बसले. शेषेराव एकदा गप्प बसले की पुढच्या पिढीपर्यंत बोलत नाहीत. त्यांचं नाव आलं, त्यांच्या जावयांचीही आली. मग हाताची सवय काही थांबेना: 'रविवारी दुपारी भोजनास सहकुटुंब यावे', पत्ता, स्वतःचा मोबाइल नंबर.

शिल्पा त्या वेळी आवृत्तीतली शेवटची चूक काढण्यात गुंतली होती. तिने मान वर न करताच विचारलं, "बघितलं का?"

"एकदम फर्स्टक्लास!" बसवंत म्हणाला, आणि तिने फाइल न उघडताच पाठवून दिली.

सकाळी तिने स्क्रीन पाहिली आणि बसवंतला हाक मारली.

"अहो, काय करून ठेवलं हे? जगभर गेलं! आता मागं घेता येत न्हाई!"

"शेषेरावांचं नाव बी गेलं?"

"सगळ्यांचं!" तिला रडू फुटलं. "इतकं भांडून मराठी आणली होती मी. तुम्ही तमाशा केला तिचा. आता बंद करतील."

बसवंतने स्क्रीनवरचा मजकूर पुन्हा वाचला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचाच मजकूर त्याला नकोसा झाला. एवढ्यात फोन वाजला.

"बसवंतरावच का? नांदेडहून बोलायलोय. कॉलेजात डेटाबेस शिकवतो मी. रविवारी तिघं आलो तर चालतंय का?"

मग लातूर. मग हैदराबाद. मग शिरूर अनंतपाळची एक मुलगी, वडिलांनाही आणू का म्हणून विचारत. जर्मनीतली एक मराठी बाई तर 'यायला जमत नाही हो' म्हणून फोनवरच रडली. इकडे ज्यांची ज्यांची नावं होती त्या प्रत्येकाने घोषणा आपापल्या गोतावळ्यात फिरवली होती.

रविवारी घरासमोर मांडव पडला. गौरम्माने लग्नाकार्यात करतात तशी येसरची आमटी केली. पाहुणे येत होते आणि सरळ शिल्पाकडे जात होते. लातूरच्या एका माणसाने तिला हात जोडले.

"ताई, आमच्या रक्तपेढीचं सगळं ग्रॅनरीवरच हाय. कोणाला कोणतं रक्त लागतंय, कुठं हाय, लगेच सापडतंय. तुम्ही मागं केलेल्या दुरुस्तीपासून तर लई जल्दी."

बसवंत आमटीची बादली घेऊन तसाच उभा राहिला. रोज आपल्याशी 'दूध आणलं का' एवढंच बोलणारी ही बाई, आणि हिच्या बोटांनी लातूरला कोणाचा तरी जीव वाचतो! त्याचे डोळे भरून आले. शेषेराव मात्र पंगतभर सांगत फिरत होते, "यात आपलं बी नाव हाय बरं का."

शिल्पाने नवऱ्याचा सगळा पराक्रम ग्रॅनरीच्या मंडळींना कळवला होता; जेवणं चालू असतानाच तिच्या मोबाइलवर त्यांचा निर्णय आला. तिने वाचला, पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा उजळला.

"मराठी कायम! सगळ्या भाषांत मराठीच जास्त वाचली म्हणे. आणि सगळ्या देशांतली मंडळी पुढची बैठक इथं उदगीरला घेणार हायत!"

मांडवात टाळ्या पडल्या. बसवंतने बादली खाली ठेवून कॉलर नीट केली. "माझ्याबद्दल काही लिहिलंय का?"

"हाय की," शिल्पा हसू दाबत वाचू लागली. "'जेवणाची सगळी जबाबदारी शिल्पाच्या यजमानांनी घ्यावी. निमंत्रणाचा मजकूर मात्र त्यांना दाखवू नये.'"