राखीव ताई

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधे आहेत, शाळा लवकर सुटली. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. यानातल्या प्रत्येक वस्तूची एक राखीव ठेवतात, तशी माझ्या बहिणीचीही एक राखीव होती, आणि ती आमच्या कुपवाडच्या घरी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असे.

चालू ताई, म्हणजे हेमाताई, वर होती. तिच्या यानात दोन माणसं लांबच्या प्रवासासाठी झोपवलेली होती आणि त्यांची हवा शुद्ध करणारं यंत्र तिच्या ताब्यात होतं. त्या यंत्राला राखीव पंप होता, पंपाला राखीव पट्टा होता. माणूस मात्र राखीव असला तरी जागा अडवतो आणि त्याचं वजन भरतं, म्हणून तो खाली ठेवायचा असं ठरलं. अवकाश केंद्रातल्या उगारे मॅडमनी राखीव ताईला आमच्याकडे पोचवताना समजावून सांगितलं होतं की दोघींपैकी एका वेळी एकच चालते. खालच्या ताईने वरच्या ताईचं एखादं काम केलं, की भार हिच्याकडे येतो आणि वरची थांबते. म्हणून हिला हाकसुद्धा मारायची नाही.

तिचा काही त्रास नव्हता. डोळे उघडे असत. आई तिच्यासमोर बसून शेंगा फोडायची. शेजारच्या मगदूम काकू आधी दारातूनच बोलायच्या, मग त्याही आत येऊन बसू लागल्या. वर ताईने केस कापले की इकडेही ते सकाळी आखूड झालेले असत. जमिनीवर काही पडलेलं नसे.

भाऊबीजेला संध्याकाळी आईने माझ्यासाठी पाट मांडला. चुलत बहीण ओवाळायला येणार होती, ती आली नाही. पाटावर बसलेला भाऊ तसाच उठलेला आईला चालत नाही. तिने तबक राखीव ताईच्या हातात दिलं. मी मॅडमची आठवण करून दिली. आई म्हणाली, हात मीच धरून फिरवते, मग ते तिचं काम कसं होईल? मलाही ते पटलं.

एक फेरा झाल्यावर आईने हात सोडला. तबक फिरतच राहिलं.

"टोपी कुठाय तुझी?" ताई म्हणाली. "बोडक्या डोक्याने ओवाळून घेतोय, गाढव."

आई रडायची ती हसायलाच लागली. तिने करंज्यांचा डबा आणला. ताईने करंज्या मऊ पडल्या म्हणून नावं ठेवली आणि खात राहिली. ती खातच होती तेव्हा उगारे मॅडमचा फोन आला.

वरची ताई खिडकीपाशी थांबली आहे, असं त्यांनी सांगितलं. तोंड पृथ्वीकडे, आणि दोन्ही हात पुढे, काहीतरी धरल्यासारखे. आमच्याकडे काय घडलं ते मी सांगितलं. त्यांनी तिकडचे आकडे पाहिले. बदल अगदी व्यवस्थित झाला आहे, त्यात दोष काढता येणार नाही, असं म्हणाल्या. अडचण एवढीच होती की हवेची गाळणी उद्या दुपारच्या आत बदलायची होती, आणि बदलणारे हात आता आमच्या घरात होते. गाळणी बदलली नाही तर झोपलेली दोघं उठणार नव्हती. भार परत वर न्यायचा असेल तर घरातल्या कोणीही हिला बहीण किंवा मुलगी म्हणून वागवायचं नाही. कशालाच उत्तर मिळालं नाही, की भार आपोआप दुसरी जागा शोधतो.

मी हे आईला सांगितलं. "त्यांना म्हणावं दुसरं कोणी पाठवा," ती म्हणाली. "माझी आली आहे."

ताईने सगळं ऐकलं होतं. ती हात धुऊन आली आणि लहानपणी पुसायची तसे ते आईच्या पदराला पुसले. आईला आजची रात्र मगदूम काकूंकडे पाठव, तिला जमायचं नाही, असं मला म्हणाली. आई जाताना मागे वळली नाही; वळली असती तर गेली नसती.

ताई खुर्चीवर जाऊन बसली.

"मला आपणहून थांबता येत नाही रे," ती म्हणाली. "तूच थांबव. पण तुलाही जमेलसं दिसत नाही."

"जमेल," मी म्हणालो. तिला दिलेलं ते शेवटचं उत्तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली. मग तिथे वर खिडकीपाशी फार गार असतं, असं म्हणाली. मी एका कपाचं आधण ठेवलं. आलं किसत होतो तेव्हा ती म्हणाली, माझ्यात साखर कमी घाल. मी मला लागते तेवढी साखर घातली, चहा गाळला आणि तिच्यासमोर बसून प्यायलो. ती माझ्या कपाकडे बघत होती. मग बघेनाशी झाली. फोन वाजायला लागला. मी आधी कप विसळून पालथा घातला, मग फोन उचलला.